रुरकीचा इंजिनिअर, निजामाचा फोटोग्राफर

मित्रांनो, सर्व्हे कॅम्प म्हणजे सिव्हिलवाल्यांच्या आयुष्यातला सोनेरी काळ. (मेकॅनिकलवाल्यांनी हसू नये, तुमच्या वर्कशॉपमधल्या फायलिंगबद्दल आम्हालाही माहिती आहे.) आमचा कॅम्प नळदुर्गला होता. बोरी नदीच्या काठानं लेव्हल, स्टाफ, साखळी घेऊन आमची वरात निघायची. आमच्या ग्रुपचा ट्रॅव्हर्स काही केल्या जुळेना, आणि त्याला कारण मी. कारण निम्मा वेळ मी स्टाफ दुसऱ्याच्या हातात देऊन पाणी महालावर कॅमेरा घेऊन बसलेलो असायचो. कॅमेरा सोलापुरातून घेतलेला, सेकंडहँड. त्याची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. आमच्या घरी हा अंक जातो.

कॅम्प संपल्यावर सरांनी बोलावलं. आता क्लोजिंग एररवरून पूजा होणार अशी तयारी करूनच गेलो होतो. सरांनी मला स्टोअररूममध्ये नेलं, एक जुनी लाकडी पेटी उघडली, त्यातली डम्पी लेव्हल तिकाटण्यावर बसवली आणि बघ म्हणाले. बघतो तर समोरची शिपायाची सायकल उलटी! चाकं वर, सीट खाली. जुन्या दुर्बिणीत असंच दिसतं, आताच्या ऑटो लेव्हलमध्ये सरळ दिसतं, एवढं मला व्हायव्हापुरतं माहीत होतं. सर म्हणाले, जुन्या पेटी कॅमेऱ्याच्या काचेवरही जग असंच उलटं दिसायचं. आणि ज्याला ते आधीपासून उलटं बघायची सवय होती असा एक इंजिनिअर आपल्या देशात होऊन गेला, त्याचं नाव माहीत आहे का? मला नव्हतं. तुम्हालाही बहुतेक नसेल. राजा दीनदयाळ.

त्यानंतर सेमिस्टरभर मी त्याच्या मागे होतो. (सबमिशनच्या मागे असायला हवं होतं.)

दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधन्याचा. घर जैन, धंदा जवाहिऱ्यांचा. म्हणजे हिरे-माणकं पारखायची, तराजू सांभाळायचा, गादीवर बसायचं. पोरगं मात्र रुरकीला गेलं, थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात. मित्रांनो, हे कॉलेज १८४७ मध्ये गंगा कालव्याच्या कामासाठी माणसं तयार करायला निघालं. आज त्यालाच आपण आयआयटी रुरकी म्हणतो. जेईईवाल्यांनी एक उसासा टाकावा आणि पुढे वाचावं. १८६६ मध्ये दीनदयाळ तिथून बाहेर पडले आणि इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत लागले. पद काय, तर हेड इस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन. आपल्या इस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगच्या पेपरात आपण जे रडत रडत करतो, तेच काम. घनफूट काढा, दर लावा, नकाशा ओढा.

इंदूर म्हणजे होळकरांचं. गादीवर दुसरे तुकोजीराव. योगायोग असा की ते गादीवर आले तेही १८४४ मध्येच. मराठी दरबार आणि शेजारी इंग्रजांची रेसिडेन्सी असं ते गाव. नोकरी लागून सात-आठ वर्षं झाली तेव्हा, १८७४ च्या सुमारास, दीनदयाळांनी फोटोग्राफी हातात घेतली. तीस वर्षांचा, कायमची सरकारी नोकरी असलेला माणूस! आमच्याकडे तिशीतला माणूस प्लॉट घेतो. यांनी कॅमेरा घेतला. तुकोजीरावांनी पाठीवर हात ठेवला आणि गव्हर्नर जनरलचा मध्य भारतातला एजंट सर हेन्री डेली याच्याशी गाठ घालून दिली. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज भारतात दौऱ्यावर आला, त्या दौऱ्यातही यांनी फोटो काढले. म्हणजे सुरुवात करून दोन वर्षंही झाली नव्हती.

आता इथं जरा थांबू, कारण त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. आपण खिशातून मोबाईल काढतो. त्यांचा कॅमेरा म्हणजे लहान मुलाला बसता येईल एवढी पेटी, आणि फिल्म नाहीच, काच. दहा बाय बारा इंचाची काच घ्यायची, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सगळीकडे सारखं पसरवायचं, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून सेकंद मोजायचे, आणि ओली असतानाच धावत तंबूत नेऊन अंधारात धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळं. काच वाळली की मेहनत वाया. म्हणजे किल्ल्याचा फोटो काढायचा तर किल्ल्यावर अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या, सगळं हमालांच्या डोक्यावरून न्यायचं. आमच्या वैशाखात, पाणी महालावर, हे करून बघा! १८८० च्या आसपास कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा व्याप बराच कमी झाला. पण काच काचच. पडली की फुटली.

आणि एन्लार्जमेंटचा मामला सोपा नव्हता. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर ती काच ठेवायची आणि उन्हात फोटो उतरवायचा. जेवढी काच तेवढा फोटो. मोठा फोटो हवा तर कॅमेराच मोठा हवा.

जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं का असतं, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. मला वाटायचं तेव्हा ढगच कमी असतील. खरं कारण असं की त्या काचेला निळा रंग फार लवकर दिसायचा आणि हिरवा-लाल जवळजवळ दिसायचाच नाही. आभाळ एका क्षणात जळून पांढरं होई आणि झाडं काळी पडत. पाणी वाहतं असेल तर त्याचा कापूस होई, कारण झाकण तेवढा वेळ उघडं ठेवावं लागे. आज नर-मादी धबधब्याचा तसा कापूस करायला आमची पोरं काळा फिल्टर विकत घेतात. त्यांना तो फुकट मिळत होता, नको असताना.

निसर्गाचे फोटो तेव्हा बरेच लोक काढत होते, मुख्यतः इंग्रज. त्यांतलं मोठं नाव सॅम्युअल बोर्न. हा नॉटिंगहॅममधला बँकेचा कारकून, १८६३ मध्ये नोकरी सोडून इकडे आला आणि हिमालयात हमालांची पलटण घेऊन फिरला. त्याचे फोटो अप्रतिम आहेत, वादच नाही. पण इंग्लंडात निसर्ग कसा बघावा याचे नियम अठराव्या शतकापासून ठरलेले होते. एका बाजूला झाड, पुढं संथ पाणी, मागं पडकी वास्तू, मध्ये वळणाची वाट. तिकडच्या खेड्यापाड्यांत हे सगळं हाताशी. बोर्न तोच साचा घेऊन इथं आला, आणि हिमालय भव्य खरा पण चित्रात बसत नाही अशी त्याची तक्रार असे. (आपल्या माळरानाचं त्यानं काय केलं असतं देव जाणे. एक बाभळ, एक बांध, पुढं पंचवीस मैल काही नाही.)

दीनदयाळांचे फोटो शेजारी ठेवले की फरक डोळ्यात भरतो. हा माणूस आधी ड्राफ्ट्समन आहे. इमारत त्याच्या फोटोत प्लंबमध्ये उभी असते. खांब झुकत नाहीत. पाया दिसतो, चौथरा दिसतो, कोपऱ्यातून दोन बाजू अशा दिसतात की पेन्सिल घेऊन तुम्ही प्लॅन काढू शकाल. आणि बऱ्याचदा कुठेतरी पायरीवर किंवा कमानीखाली एक माणूस बसवलेला किंवा उभा केलेला. पहिल्यांदा मला वाटलं हौशी नोकर असेल. मग ट्यूब पेटली, ती आपली स्टाफ आहे! माणूस साडेपाच फुटांचा धरा, कमान केवढी ते काढा. हे माझं मत आहे, तज्ज्ञांना विचारून घ्या, पण सर्व्हे शिकलेल्याला ते फोटो वेगळे दिसतात एवढं नक्की.

१८८२ मध्ये त्यांच्या हातून मोठं काम झालं. डेलीच्या जागी आलेला सर लेपेल ग्रिफिन बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाला, त्यानं दीनदयाळांना बरोबर घेतलं. सांची, खजुराहो, ग्वाल्हेर, ओरछा अशा ठिकाणी त्यांनी काचा उघडल्या. त्यातले ऐंशीच्या वर फोटो निवडून १८८६ मध्ये मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचा ग्रंथ निघाला. मजकूर ग्रिफिनचा. कव्हरवरही नाव ग्रिफिनचंच. प्रोजेक्ट कुणी केला आणि रिपोर्टवर नाव कुणाचं, हा प्रश्न किती जुना आहे बघा.

याच सुमारास दीनदयाळांनी सरकारी नोकरी सोडली. मी हे घरी जेवताना सांगितलं. आमच्या बापूंनी भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, की त्याच्या घरी हिरे-माणकं होती ना? मी गप्प बसलो. बापूंचा मुद्दा अगदीच खोटा नाही.

१८८५ मध्ये ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. मग इंदूर मागं पडलं, सिकंदराबादला स्टुडिओ निघाला. आपल्या वाचकांनी इथं कान टवकारावेत. कारण तेव्हा आपला सगळा मुलूख याच निजामाचा होता. जिल्ह्याला नळदुर्ग जिल्हा म्हणत. नळदुर्गचा भाग मधली सात वर्षं, १८५३ ते १८६०, इंग्रजांकडे होता, मेडोज टेलर तिथं कारभार बघायचा, मग तो निजामाला परत गेला. पुढं याच महबूब अलींचा मुलगा उस्मान अली याच्या नावानं आपण उस्मानाबाद झालो. २०२३ पर्यंत ते सरकारी कागदावर होतं, आता पुन्हा धाराशिव. म्हणजे दीनदयाळ ज्यांचं मीठ खात होते, त्यांच्याच तिजोरीत आपल्या पणजोबांचा शेतसारा जात होता.

हैदराबादेत त्यांचं भाग्य उजळलं. निजामाचे वाडे, हत्ती, शिकारी, मेजवान्या, फौजा, पाहुणे सगळं त्यांच्या काचेवर आलं. स्टुडिओत पन्नासावर माणसं कामाला. १८९२ मध्ये पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो एक इंग्रज बाई चालवत असे, आत पुरुषाला मज्जाव. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक. १८९४ मध्ये निजामानं राजा हा किताब दिला, बरोबर मुसव्विर जंग असंही नाव, म्हणजे चित्र काढणारा योद्धा. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनद. १९०२ मध्ये व्हाईसरॉय कर्झन निजामाच्या राज्यात वाघाच्या शिकारीला आला, मेलेल्या वाघामागे कर्झन आणि त्याची बायको उभी आहेत, तो सगळीकडे छापला जाणारा फोटो यांचाच. मुलं ज्ञानचंद आणि धरमचंद धंद्यात होती, म्हणून फर्मचं नाव राजा दीनदयाळ अँड सन्स.

निजामाच्या मुलखातल्या जागांचाही त्यांनी १८९२ मध्ये मोठा आल्बम केला. त्यात वेरूळचं कैलास लेणं कड्यावरून घेतलेलं बघावं. खाली खोदत गेलेला डोंगर आणि त्यात उभं राहिलेलं देऊळ. आम्ही टीशर्ट घालून तिथं सेल्फी काढतो आणि मागे फक्त एक खांब येतो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, छान, यशस्वी माणसाचं चरित्र झालं. मलाही तसंच वाटलं होतं आणि लेख इथंच संपवणार होतो. पण त्याच माणसाच्या नावावर अजून एक आल्बम आहे. १८९९-१९०० चा.

त्या साली पाऊस गेला. राजस्थान-गुजरातेत त्याला छप्पनियो दुष्काळ म्हणतात. मराठवाड्यालाही तो जबर बसला. औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, दुष्काळी कामं निघाली, अन्नछत्रं निघाली आणि तिथं फोटो काढायला राजा दीनदयाळ अँड सन्स. तो आल्बम कर्झनच्या संग्रहात गेला, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फोटोंची काळजी तीच. उजेड बरोबर, कडा स्वच्छ, माणसं नीट मांडून बसवलेली. फक्त त्या माणसांच्या फासळ्या मोजता येतात. लहान पोरांची पोटं पुढं आलेली. आणि काही फोटोंखालच्या ओळीचं मराठी करायचं तर ते असं होईल: कृशतेचे प्रकार, औरंगाबाद.

प्रकार! आमच्या पुस्तकात फूटिंगचे प्रकार असतात, मातीचे प्रकार असतात. आयसोलेटेड, कम्बाइंड, राफ्ट. दोन-दोन मार्काला. निजामाच्या उमरावांच्या फोटोंखाली त्यांची लांबलचक नावं आहेत, घोड्यांची सुद्धा लोक नावं लिहीत. या माणसांना नाव नाही. मला खात्री आहे की त्यातला एखादा कळंबकडून किंवा वाशीकडून कामाच्या शोधात तिकडं गेलेला असणार, पण हे कोण आणि कसं सिद्ध करणार?

मी बरेच दिवस दीनदयाळांवर रागावलो होतो. मग वाटलं, आपण हे बघू शकतो ते त्यांच्यामुळेच. सारा माफीचे कागद, रिपोर्ट, आकडे कुणी उघडत नाही. तो फोटो बघितल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग पुन्हा वाटलं, त्यांना तिथं पाठवलं ते दुष्काळाचं दुःख जगाला दिसावं म्हणून नव्हे, सरकार कसं काम करतंय ते साहेबाला दिसावं म्हणून. आणि मग पुन्हा वाटलं, तरीसुद्धा. हे माझं अजून मिटलेलं नाही. इस्टिमेटमध्ये शेवटी एक बेरीज येते, इथं येत नाही.

१९०४ मध्ये त्यांचा मुलगा धरमचंद गेला. पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, दीनदयाळ गेले. वय एकसष्ट. ज्ञानचंदांनी सिकंदराबादचा व्याप काही वर्षं सांभाळला. काचा घरातच राहिल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं त्यातल्या २,८५७ काचा विकत घेतल्या. २००६ मध्ये पोस्टानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. बस्, एवढंच. आपल्या अभ्यासक्रमात विश्वेश्वरय्या आहेत, असायलाच हवेत. रुरकीच्या या पोराची एक ओळ कुठे नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

माझं गाव लोहारा तालुक्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर चालू होता. टँकर आला की आडात पाइप सोडायचा आणि मग एकच झुंबड. मी सुट्टीला गेलो होतो, कॅमेरा नवा होता. शेजारची आज्जी आडाच्या कठड्याला टेकून घागर शेंदत होती, ऊन तिच्या हातावर असं पडलं होतं की शिरा न् शिरा दिसत होती. मी पटापट आठ-दहा फोटो काढले. तिनं एकदा वर बघितलं, काही बोलली नाही. घागर उचलून द्यायला हात लावावा हे मला सुचलं नाही. खरं सांगतो, सुचलंच नाही. मी उजेड बघत होतो.

त्यातला एक फोटो मी गॅदरिंगच्या प्रदर्शनात लावला. तुमच्यापैकी अनेकांनी बघितलाय, दुसरं बक्षीस होतं. ब्लॅक अँड व्हाईट केलेला, खाली मी एकच शब्द लिहिला होता: दुष्काळ. परीक्षकांनी कंपोझिशनचं कौतुक केलं. मी खूश.

औरंगाबादच्या त्या आल्बमनंतर तो फोटो मला भिंतीवर बघवेना. दिवाळीच्या सुट्टीत एक मोठी प्रिंट काढून गावी नेली आणि आज्जीच्या ओसरीवर जाऊन बसलो. जरा घाबरतच हातात दिली. आज्जीनं फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा नाहीच. स्वतःकडे तिनं बघितलंच नाही. तिचं बोट गेलं मागं, कोपऱ्यात, जिथं मी फोकससुद्धा केलेला नव्हता. तिथं गोठ्याच्या मेढीला बांधलेली म्हैस होती. धुरकट, अर्धीच. ती म्हैस त्यांनी त्याच पावसाळ्यात विकली होती. चारा परवडेना. आज्जी बराच वेळ त्या धुरकट ठिपक्यावर बोट ठेवून बसली, आणि मला म्हणाली की लेकरा, हिचा फोटो होता तुझ्याकडं, आधी का नाही दिलास?

मग तिनं मला फोटोचं मागचं कोरं अंग वर करायला लावलं आणि नाव लिहायला सांगितलं. आधी म्हशीचं. मग तिचं स्वतःचं, नवऱ्याच्या नावासकट, आडनाव शेवटी. दोन्ही लिहिली. ती इथं छापत नाही, ते कागद तिच्या ट्रंकेत आहेत.

निघताना तिनं अजून एक सांगितलं. हा फोटो ठीक आहे पण यात पदर नीट नाही. पुढच्या वेळी येशील तेव्हा इस्त्रीचं लुगडं नेसून, खुर्चीवर बसून एक काढायचा, दारात, उजेडात, अन् रंगीत. मी हो म्हणालो. मकरसंक्रांतीला जाणार आहे. तिच्या घरी खुर्ची नाही, ती शाळेतून आणावी लागेल.